खाऊचा डबा खालच्या फळीवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतल्या मुलांच्या खाऊच्या रेसिपी मी नेमाने वाचते, कापून पण ठेवते. पण हल्ली बघतेय, प्रत्येक पदार्थात चीज नाहीतर ओट्स नाहीतर मेयोनीज असतंच आणि ते सगळं आणायचं म्हटलं की एका संध्याकाळच्या खाण्याला दोन-तीनशे रुपये सहज जातात. आम्ही दोघं नोकरीवर, दोन मुलं, धायरीतल्या फ्लॅटचा हप्ता चालू, त्यात हे रोज कसं परवडायचं?

मुलं साडेचारला शाळेतून येतात, दप्तर टाकलं की लगेच भूक लागलेली असते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना गॅसपाशी उभं राहवत नाही, आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून मला घरी पोचायला सात होतात. मग काय, दहा रुपये घ्यायचे आणि खालच्या दुकानातून वेफर्सचं पाकीट आणायचं, असं आमच्याकडे वर्षभर चाललं. मी चिडायचे, मुलांना रागवायचे, पण घरात हाताशी दुसरं काही तयार नसायचंच तर त्यांनी तरी काय करायचं.

एकदा मोठी एकमान पद्धतीची गणितं करत बसली होती, मी म्हटलं हातातल्या पाकिटाचंच गणित कर. पाकिटावर 25 ग्रॅम लिहिलं होतं, किंमत 10 रुपये. म्हणजे किलोला 400 रुपये. तिने दोनदा तपासलं, उत्तर तेच. त्याच आठवड्यात मी फुटाणे आणले होते 160 रुपये किलोने. स्वस्त म्हणून जे आणत होतो ते दुपटीपेक्षा महाग पडत होतं, आणि पोट भरत नव्हतं ते वेगळंच.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, पंढरपुरी डाळं आणायचं ठरवलं. चुरमुरे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, बोटाने दाबले की कुर्रकन मोडले पाहिजेत, घाई केली की आतून वातड राहतात. मग दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, हळद, दाणे, डाळं आणि वरून चुरमुरे, मीठ बेताचं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही, नाहीतर दोन दिवसात सादळतं, पावसाळ्यात तर फारच. दुसऱ्या डब्यात फुटाणे, भाजलेले दाणे आणि गुळाचे बारीक खडे. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला जवळजवळ 25 ग्रॅम प्रोटीन असतं, मूठभर खाल्ले तरी पोर जेवणापर्यंत टिकतं. आणि मुख्य म्हणजे हे दोन्ही डबे सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले, धाकट्याचा हात पोचेल असे. तो सात वर्षांचा आहे, आता आल्या आल्या स्वतःच वाटी घेतो आणि आजीलाही भरून देतो. पाकीट पूर्ण बंद झालं असं नाही, महिन्यातून एखाद-दोन वेळा येतं.

एक सांगायलाच हवं, पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना दाण्याच्या कुटाचा गूळ घालून लाडू द्या.

बाकी नाचणीचं धिरडं, उकडलेलं रताळं, थंडीत पेरू आणि बोरं, नवा भुईमूग आला की मिठाच्या पाण्यात उकडलेल्या ओल्या शेंगा, हे आपल्याकडे पहिल्यापासून आहेच. नाचणीत 100 ग्रॅमला 350 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात साधारण 120, हे मला दोन मुलं झाल्यावर कळलं याचं वाईट वाटतं.

आणखी एक. एफएसएसएआय म्हणजे खाण्याच्या पदार्थांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिचा 2020 सालचा नियम आहे की शाळेत आणि शाळेच्या गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-फॅटवाले पदार्थ विकायचे नाहीत. मुलांच्या शाळेच्या गेटला लागूनच टपरी आहे, तिथे रंगीत कोल्ड्रिंक आणि पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात. टपरीवाल्या दादांच्या पोटावर पाय यावा असं मला अजिबात वाटत नाही, तेच दादा शेंगा, उकडलेलं कणीस, पेरूच्या फोडी विकू शकतात, आम्ही पालक रोज घेऊ. पण त्यांना नियम कुणी सांगितलाय का? तुमच्या बातमीदाराने शहरातल्या दहा-बारा शाळांबाहेर एक चक्कर मारून हे छापावं अशी विनंती आहे.

आणि पुरवणीत रेसिपी देताना खाली चार जणांसाठी खर्च किती आला तेवढं लिहीत जा. भाजणीचं थालीपीठ आणि नाचणीचं धिरडं सासूबाई मापासकट सांगायला तयार आहेत, जागा देणार असाल तर कळवा.

आपली नियमित वाचक,
धायरी, पुणे