करार होता, तरीही

ऑकलंड

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेवटी तू विचारलंस, "तुमच्याकडे तर राणीने माओरींशी लेखी करार केला होता ना? मग एवढी लढाई कशाची?" फोनवर हे सांगून संपणार नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

ब्रिटनच्या राणीचा न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांशी, म्हणजे माओरींशी, करार झाला हे खरं. ६ फेब्रुवारी १८४०, वाइतांगी. माओरींच्या जमिनी, जंगलं, मासेमारीच्या जागा त्यांची इच्छा असेपर्यंत त्यांच्याच राहतील, असं त्यात वचन आहे. त्याच वर्षी इथल्या न्गाती फातुआ या माओरी जमातीच्या प्रमुखाने, अपिहाई ते कावाऊने, गव्हर्नरला आपण होऊन बोलावलं आणि तेव्हाच्या राजधानीसाठी सुमारे ३००० एकर दिले. मोबदला काय, तर ५० पौंड रोख आणि वर घोंगड्या, कपडे, भांडी, तंबाखू, साखर. पुढच्याच वर्षी सरकारने त्यातल्या लहानशा तुकड्याचा लिलाव केला आणि २४ हजार पौंडांहून जास्त उभे केले. आज ज्या शहरात मी राहतो ते असं सुरू झालं.

यापुढचं तू नीट वाच, कारण तुझा दिवस वनहक्काच्या फायलींत जातो आणि हे तुला लगेच ओळखू येईल. सगळं देऊन झाल्यावर त्यांच्याकडे ओराकेईचा ७०० एकरांचा पट्टा उरला. १८६९ मध्ये जमीन कोर्टाने तो तेरा जणांच्या नावे चढवला. सबंध जमातीची जमीन, आणि कागदावर नावं तेरा! ही जमीन कधीही विकता येणार नाही, असंही तेव्हा ठरलं होतं. मग कायदे बदलत गेले, वाटण्या झाल्या, हिस्से सुटे झाले, आणि सुटे हिस्से सरकार एकेक करून विकत घेत गेलं. समुद्राकडच्या टेकडीवरचा तुकडा १८८६ मध्ये रशियन आरमाराच्या भीतीने संरक्षणासाठी घेतला. रशियन काही आले नाहीत. १९४१ मध्ये लष्कराची गरज संपली, तेव्हा तो मूळ मालकांना न देता महापालिकेला देऊन टाकला. दत्ता, यातला एकही एकर बंदुकीच्या धाकाने गेलेला नाही. प्रत्येक वेळी कायदा होता, ठराव होता, सही-शिक्का होता.

त्यांचं गाव ओकाहू बे नावाच्या छोट्या खाडीच्या काठी होतं. १९१४ च्या सुमारास शहराची सांडपाण्याची मोठी नळवाहिनी गावाच्या अगदी तोंडासमोरून, किनाऱ्यालगत नेली. शहराची घाण जवळच समुद्रात सोडली जायची. ज्या शिंपल्यांवर गाव पोसलं जायचं ते खाण्याजोगे राहिले नाहीत. नळाच्या बांधामुळे पावसाचं पाणी तुंबायचं आणि घरांत शिरायचं. चाळीस वर्षांनी अधिकारी म्हणाले, हे गाव गलिच्छ आहे, दिसायलाही बरं दिसत नाही. नव्या राणीचा दौरा व्हायचा होता. लोकांना टेकडीवरच्या सरकारी घरांत भाडेकरू म्हणून हलवलं आणि खालची घरं जाळली. एक पाव एकराची दफनभूमी तेवढी राहिली. मी त्या रस्त्याने बऱ्याचदा जातो. एका बाजूला चकचकीत समुद्रकिनारा, दुसऱ्या बाजूला हिरवळीवर एक लहानसं चर्च आणि थडगी. आधी ठाऊक नसेल तर इथे गाव होतं हे कुणाला कळणारही नाही.

१९७५ मध्ये फिना कूपर ही जवळजवळ ऐंशी वर्षांची बाई उत्तर टोकाजवळच्या ते हापुआपासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत, म्हणजे सुमारे हजार किलोमीटर, मोर्चा घेऊन गेली. "माओरींची आता एक एकरही जमीन नको," एवढीच मागणी. दुसऱ्या वर्षी सरकारने जाहीर केलं की टेकडीवरची उरलेली जागा, म्हणजे बॅस्टियन पॉइंट, श्रीमंतांच्या घरांसाठी विकायची.

५ जानेवारी १९७७ ला न्गाती फातुआंचा पुढारी जो हॉक आणि त्याचे लोक तिथे जाऊन बसले. तंबू, जुन्या कारव्हॅन, भाजीचे वाफे, मिळून उभारलेलं सभागृह. हिवाळा, चिखल, समुद्रावरचा वारा. ऑकलंडच्या कामगार संघटनांनी तिथल्या बांधकामावर बहिष्कार टाकला, आणि त्याचं मोल मला फार वाटतं, कारण गवंडीच आला नाही तर बंगला उठणार कसा? तिथे लागलेल्या आगीत पाच वर्षांची एक मुलगी गेली. तरी लोक उठले नाहीत. ५०६ दिवस. २५ मे १९७८ ला शेकडो पोलीस आणि लष्कराच्या गाड्या आल्या, २२२ जणांना अटक झाली, सभागृह जमीनदोस्त केलं.

म्हणजे हरले. पण करारभंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या ज्या न्यायाधिकरणाला आधी फक्त १९७५ नंतरच्या तक्रारी ऐकता यायच्या, त्याला १९८५ मध्ये थेट १८४० पर्यंत मागे जायची मुभा मिळाली. त्याचा १९८७ चा अहवाल न्गाती फातुआंच्या बाजूने आला आणि टेकडी परत मिळाली. मिळाल्यावर त्यांनी काय केलं असेल? मोठा भाग सगळ्या शहरासाठी खुला ठेवला. मीही तिथे बिनदिक्कत फिरतो.

म्हणूनच २०२४ मध्ये कराराचा अर्थ संसदेत नव्याने ठरवण्याचं विधेयक आलं, तेव्हा आपल्या ओळखीतले काही जण "सगळ्यांना एकच नियम, बरोबरच आहे की" म्हणाले त्याचा मला राग आला. मी त्यांच्याशी वाद घातला. तेरा नावांचा कागद हाही तेव्हाचा नियमच होता! आणि आपण इथे नंतर आलो म्हणून आपला संबंध नाही, हे मला पटत नाही. त्याच लिलावांपासून चालत आलेल्या जमिनीवर आपण कर्ज काढून घरं घेतली आहेत. नोव्हेंबरात त्या विधेयकाविरुद्ध चाळीस हजारांहून जास्त लोक संसदेसमोर जमले. पुढच्या एप्रिलमध्ये विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं.

आता तुझ्या कामाचं. न्यायाधिकरण इथे जमातीच्या सभागृहात जाऊन बसतं, म्हाताऱ्यांच्या तोंडी साक्षी ऐकतं. तुमच्या वनहक्काच्या नियमांतही वडीलधाऱ्यांचे जबाब आणि स्मशानाच्या जागा पुरावा म्हणून चालतात ना? मग उपविभागीय समितीने परत पाठवलेल्या त्या दाव्यात थडग्यांचे दगड दाखवले होते का? पंचनामा कुणी केला, म्हाताऱ्यांचे जबाब कुणी लिहून घेतले, ते सविस्तर कळव. अहवालातला साक्षींचा भाग मी मराठीत उतरवून तुला पाठवतो. ग्रामसभेच्या आधी मिळेल असं बघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश