जुन्या बुलेटच्या इंजिनाबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इतकी वर्षे जिचा ध्यास घेतला होतास ती जुनी बुलेट ३५० अखेर तुझ्या दारात उभी राहिली, हे वाचून मला किती आनंद झाला ते लिहून कळायचे नाही. पत्राच्या शेवटी तू जी यादी दिली आहेस, म्हणजे मोठा पिस्टन, ३० मिलिमीटरचा कार्बोरेटर, व्हॉल्व्हची उघडझाप करणारा शर्यतीचा कॅम आणि पोकळ सायलेन्सर, ती मात्र मी तीनदा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसलो. माझी तुला कळकळीची विनंती आहे की यातली एकही वस्तू अजून विकत घेऊ नकोस.

तुझी तक्रार काय आहे ते आधी पाहू. मागे माणूस बसला की चढावर चौथा गिअर सोडावा लागतो आणि ताशी ८० च्या आसपास इंजिनाला धाप लागते, असे तू लिहितोस. ही तक्रार मधल्या फेऱ्यांमधल्या ओढीची आहे, कमाल वेगाची नव्हे. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आहे, त्यातून ३४६ घनसेंटिमीटरचे हे इंजिन होते. धाव लांब असल्यामुळे मिनिटाला ५६०० फेरे झाले की पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १७ मीटर होतो, आणि कनेक्टिंग रॉडवर येणारा जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५००० चे ६००० फेरे केलेस तर तो ताण ४४ टक्क्यांनी वाढेल. तेव्हा या इंजिनाकडून जास्त फेरे मागू नयेत, प्रत्येक श्वास भरून घेण्याची ताकद मागावी. २५०० ते ४५०० फेऱ्यांच्या दरम्यान ते जितके भरून श्वास घेईल तितका तुझा चढ सोपा होईल, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे ते सगळे त्या एका गोष्टीसाठी आहे.

तुझी यादी वाचून मला माझे पहिले इंजिन आठवले, कारण मीही नेमके हेच केले होते. मोठा कार्बोरेटर लावला, सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढल्या, टायमिंग थोडे पुढे घेतले, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, आणि पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटला हातही न लावता लांबच्या प्रवासाला निघालो. एका मोठ्या चढावर आवाज कोरडा झाला, ओढ हळूहळू कमी होत गेली, आणि थ्रॉटल आणखी पिळल्यावर दोन-तीन क्षणांतच मागचे चाक जागीच अडकले. हात क्लचवर होता म्हणून मी वाचलो. इंजिन खोलले तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनचे अॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला फासले गेले होते, आणि पिस्टनच्या माथ्याच्या कडेला मुंग्यांनी कुरतडल्यासारखे बारीक खड्डे पडले होते. ते खड्डे नॉकिंगचे, म्हणजे मिश्रण ज्वाळेची वाट न पाहता एकदम भडकल्याचे होते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, त्यात ठिणगी लवकर, असा तो दुहेरी मार होता. तो पिस्टन मी अजून जपून ठेवला आहे.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. जुन्या इंजिनाची हरवलेली ताकद बहुधा झिजेत दडलेली असते, आणि ती परत मिळवली की पुष्कळदा पुढचे काही करावेसेच वाटत नाही. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घे. रिंगा जिथे वरच्या टोकाला थांबतात तिथे झीज सर्वांत जास्त सापडते. रिबोअर करावेच लागले, म्हणजे सिलिंडर आतून मोठा कापून घ्यावा लागला, तर बिडाच्या सिलिंडरमध्ये ओतीव पिस्टनसाठी व्यासाच्या एक हजारांश इतकी फट ठेवावी असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे इथे ०.०७ मिलिमीटर, रिंगेच्या दोन टोकांमधली फट त्याच्या चौपट, ०.२८ च्या आसपास. घडीव पिस्टन जास्त फुगतो, म्हणून त्याला फटही जास्त लागते, हे टर्नरला आधीच सांगून ठेव. क्रँक बाहेर काढलाच असेल तर दोन टोकांच्या मध्ये फिरवून डायल गेजने त्याची सरळता पाहून घे. दोन्ही कॅमची उचलही गेजवर मोज, कारण गोल झालेल्या कॅमचे दुखणे बाहेरून कधीच दिसत नाही आणि माणूस उगाच कार्बोरेटरला दोष देत बसतो. पुशरॉडची, म्हणजे कॅमची उचल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्याची, फट थंड इंजिनावर शून्य ठेवायची असते: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली मुळीच हलता कामा नये.

काम सुरू करण्यापूर्वी एक साधी चाचणी कर. ओळखीच्या सपाट रस्त्यावर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी ५० पासून ७० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी तीन-तीनदा मोजून वहीत लिही. माझ्या सध्याच्या इंजिनाला आधी नऊ सेकंद लागत होते. नुसती दुरुस्ती केल्यावर सात लागले, आणि खाली लिहिलेले सगळे बदल करून झाल्यावर सहाच्या थोडे वर. म्हणजे जे मिळाले त्यातला मोठा वाटा दुरुस्तीचा होता. दोन बदल एकदम केलेस तर कोणत्या बदलाने काय दिले ते कधीच कळणार नाही, म्हणून एका वेळी एकच बदल कर आणि प्रत्येक वेळी घड्याळ लाव.

आता कॉम्प्रेशनकडे, म्हणजे पिस्टन वर येताना मिश्रण किती पट दाबले जाते तिकडे येतो, कारण जुन्या इंजिनात हक्काची जागा इथेच आहे. ही इंजिने ज्या काळात आखली गेली त्या काळात ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापासून १९५३ पर्यंत ‘पूल’ नावाचे एकाच दर्जाचे पेट्रोल मिळत असे, आणि त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंगला तोंड देण्याचे माप, ७० च्या आसपास होता. अशा पेट्रोलवर नॉकिंग होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवावे लागे. आजचे पेट्रोल त्याहून कितीतरी जास्त दाब सहन करते, म्हणजे आखणाऱ्यांना नाइलाजाने जी जागा सोडावी लागली ती आपल्याला थोडी वापरता येते. मी पिस्टन सर्वांत वर आणून, प्लगच्या भोकातून ब्युरेटने पातळ तेल सोडून माझ्या इंजिनाचा ज्वलनकक्ष मोजला. ६३ घनसेंटिमीटर तेल बसले, म्हणजे गुणोत्तर ६.५ ला १. मला ७.२५ हवे होते, आणि त्यासाठी कक्ष ५५.४ वर आणणे भाग होते, म्हणजे साडेसात घनसेंटिमीटर जागा कमी करायची. ७० मिलिमीटरच्या बोअरमध्ये एक मिलिमीटर उंचीला ३.८५ घनसेंटिमीटर बसतात, तेव्हा सिलिंडरचे बूड जवळजवळ दोन मिलिमीटर उतरवावे लागले. उंच माथ्याचा पिस्टन मिळाला तर तो घेणे अधिक बरे, कारण मूळच्या सिलिंडरला हात लागत नाही. मला मनाजोगता पिस्टन मिळाला नाही म्हणून मी बूड उतरवले. पुढे कधी बेत बदलला तर खाली तेवढ्याच जाडीची पट्टी टाकून मूळ उंची परत आणता येते, एवढे समाधान आहे. बुलेटमध्ये पुशरॉडची लांबी खालच्या बाजूला कमीजास्त करता येते, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

खरी काळजी व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामधल्या अंतराची असते, आणि हे काम कितीही घाई असली तरी टाळू नकोस. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती घेऊन मी पिस्टनच्या माथ्यावर दोन्ही व्हॉल्व्हच्या जागी जाडसर थापली, वरून तेलाचा हात फिरवला, जुनी पॅकिंग घालून हेड पूर्ण आवळले आणि किकने नव्हे, तर पान्याने क्रँक हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवला. हेड काढल्यावर मातीत व्हॉल्व्हच्या कडेची चंद्रकोर उमटलेली होती. पात्याने तिथे उभा छेद देऊन उरलेली जाडी व्हर्नियरने मोजली, तर इनलेटखाली दोन मिलिमीटर होती आणि एक्झॉस्टखाली जेमतेम सव्वा. एक्झॉस्टला निदान दोन असावी असे माझे मत आहे, म्हणून माथ्यावरची ती खाच लेथवर थोडी खोल करून घेतली आणि सगळा खटाटोप पुन्हा केला. त्यात एक अख्खी दुपार गेली, पण त्या सव्वा मिलिमीटरवर भरवसा ठेवून मला रात्री झोप आली नसती. ६.५ वरून ७.२५ ला गेल्यावर सैद्धांतिक कार्यक्षमता चारच टक्क्यांनी वाढते, तेव्हा आठ किंवा नऊच्या मागे लागून जुन्या बिग एंडवर, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवर, भार टाकण्यात मला अर्थ दिसत नाही.

हेड खाली उतरलेच आहे तर व्हॉल्व्हची बैठक तीन कोनांत कापून घे: मधला ४५ अंशांचा, वर ३० आणि खाली ६०. इनलेटच्या बैठकीची रुंदी एक ते दीड मिलिमीटर पुरते. एक्झॉस्टला थोडी जास्त ठेव, कारण त्या व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः बैठकीतूनच बाहेर जाते. लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणे, झाल्यावर पोर्टमध्ये, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेत, रॉकेल ओतून पाहा. थेंबही झिरपला तर काम पुरे झालेले नाही. पोर्ट मोठा करू नकोस. कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, पॅकिंग आणि पोर्ट यांची तोंडे एकमेकांसमोर नीट जुळव, बैठकीलगत राहिलेली ओतकामाची धार घासून काढ, आणि तिथेच थांब. ३० मिलिमीटरच्या कार्बोरेटरबद्दलही माझे म्हणणे हेच आहे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ मूळच्या २४ मिलिमीटरच्या मानाने दीडपटीहून जास्त आहे, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना हवेचा वेग जवळजवळ दोन तृतीयांश होईल, पेट्रोलचे तुषार नीट फुटणार नाहीत आणि ज्या मधल्या ओढीसाठी तू हे सगळे करायला निघाला आहेस तीच हातची जाईल. शर्यतीच्या कॅमचेही तसेच: तो ताकद वरच्या फेऱ्यांकडे नेतो, आणि तिकडे तुला जायचेच नाही.

मूळचा कार्बोरेटर ठेवून त्याचीच लावणी मन लावून कर. थ्रॉटल आठव्या भागापर्यंत उघडा असेल तोवर पायलट जेट बोलतो, पुढे चौथ्या भागापर्यंत स्लाइडची कापलेली कड, चौथ्यापासून पाऊण भागापर्यंत सुई, आणि त्यानंतर मेन जेट. थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावून या खुणा करून ठेव, म्हणजे इंजिन कुठे अडखळते त्यावरून नेमका कोणता भाग बदलायचा ते समजते. पूर्ण थ्रॉटलवर काही अंतर जाऊन क्लच दाबून त्याच वेळी इग्निशन बंद कर आणि प्लग काढून पाहा. पांढरा दिसला तर मेन जेट वाढव, काजळी धरली असेल तर कमी कर. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर त्याच जेटवर मिश्रण आपोआप हलके पडते, शिवाय जुने रबर फुगते, म्हणून नळ्या आणि सील नवीन घाल. टायमिंग पूर्ण अॅडव्हान्सवर स्ट्रोब दिव्याने तपास. कॉम्प्रेशन वाढल्यावर ज्वलन जलद होते, त्यामुळे ठिणगी पूर्वीपेक्षा किंचित उशिराच लागते. चढावर बाटलीत खडे हलवल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी थ्रॉटल सोड. पोकळ सायलेन्सरने मला आवाज आणि हलके मिश्रण याखेरीज काहीही दिले नाही.

तेलाच्या बाबतीत थोडक्यात लिहितो. पंपाचा परतीचा प्रवाह डोळ्यांनी पाहून खात्री कर, फिल्टर बदल आणि खालच्या बोल्टला लोहचुंबक लाव. क्रँककेसच्या ब्रीदरला, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीला, एकमार्गी झडप बसव. पिस्टन दर वेळी खाली येताना ३४६ घनसेंटिमीटर हवा ढकलतो, ती वाट मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडते, आणि ‘बुलेट गळणारच’ हा समज पुष्कळसा त्यामुळेच पडला आहे.

ओढ वाढल्याचे घड्याळावर दिसले, की मगच पुढचा स्प्रॉकेट बदल. माझा १६ दातांचा होता, तिथे १७ चा घातल्यावर त्याच वेगाला फेरे सुमारे ६ टक्क्यांनी उतरले आणि ८० ला गाडी निवांत चालू लागली. पण त्याआधी ब्रेककडे बघ, हे मी मित्र म्हणून बजावून सांगतो. ८० ऐवजी ९५ ने जाऊ लागलास तर थांबताना ब्रेकला ४१ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागेल, आणि ड्रम ब्रेक तापला की पकड सोडतो. लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून पूर्ण बसवून घे, केबल नवीन घाल, आणि हे काम इंजिन खोलण्याच्या आधी उरक.

सिलिंडरची सहा मापे, कॅमची उचल आणि ५० ते ७० चे सेकंद एवढे मला लवकरात लवकर लिहून पाठव. जुना पिस्टन बाहेर निघाला की त्याच्या माथ्याचा आणि दोन्ही बाजूंचा फोटोही पाठव, घासून स्वच्छ करण्यापूर्वीचा. काजळीचा रंग पाहून पुष्कळ काही सांगता येईल. रिबोअर करायचे की नुसत्या रिंगा बदलायच्या ते आपण त्यावरून ठरवू, आणि हेड बसवण्याच्या दिवशी मी स्वतः येईन.

तुझा,
जुना मित्र