मस्टँगचा काटा ताळ्यावर आणणाऱ्यांचे आभार

जुन्या फोर्ड मस्टँगचा मागच्या एक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.०० वरून ३.५० केलं, की खरा वेग ताशी ६० मैल असताना वेगमापकाचा काटा ७० दाखवतो. मीटर उघडून उपयोग नाही, दात मोजा, हे ठासून सांगणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. मीटरच्या केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला प्लॅस्टिकचा गिअर असतो. त्याचे दात समजा १७. दात वाढले की केबल हळू फिरते, म्हणून गुणिले ७०, भागिले ६०, म्हणजे १९.८३. २० दातांचा घातला, की काटा ५९.५ वर. एक बोल्ट, एक क्लिप, झालं! ओ-रिंग (तेल अडवणारी रबरी कडी) मात्र नवीच हवी, जुनीतून तेल झिरपतं. काढलेल्या गिअरचे दात कुरतडलेले असतील तर त्याला फिरवणारा गिअरबॉक्सच्या आतला ड्राइव्ह गिअर आधी बघा, नाहीतर नवाही तसाच जाईल, असं बजावणाऱ्यांचे तर दुप्पट आभार.