प्रात्यक्षिक वहीतला कोड आणि कंपायलरचे उत्तर

महोदय,

संगणक पदवीच्या शेवटच्या वर्षाची प्रकल्प-परीक्षा जवळ आली की रावेर, यावल, चोपड्याकडची मुले आपापले प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात. मी जळगावात वेब ॲप्लिकेशन लिहिण्याचे काम करतो. या मुलांच्या बुद्धीबद्दल आणि चिकाटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्यांना कोड लिहायला शिकवले जाते आणि तो कोड तपासणारी व ब्राउझरसाठी तयार करणारी साधने मात्र बहुतेकांच्या हाती कधी दिलीच जात नाहीत, ही बाब मला या पत्रातून मांडायची आहे.

यावल तालुक्यातील एका विद्यार्थ्याने घरच्या केळीच्या वजनाची नोंद ठेवणारे ॲप्लिकेशन केले होते. पहिल्या गाडीचे वजन १८ क्विंटल, दुसऱ्या गाडीचे २२ आणि पडद्यावर बेरीज १८२२! रकान्यात टाइप केलेले वजन ब्राउझर आकडा म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून देतो आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतील अधिकचे चिन्ह दोन मजकूर एकापुढे एक जोडते. हा मुलगा दोन दिवस एकेक ओळ डोळ्यांखालून घालत बसला होता. आम्ही तीच फाइल टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे आकडा की मजकूर हे नोंदवता येणाऱ्या जावास्क्रिप्टच्या विस्तारित रूपात, घेतली, एकूण वजन हा आकडाच असेल असे त्या ओळीत नोंदवले आणि कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम, चालवला. मजकूर हा आकड्याच्या जागी ठेवता येत नाही, असे ओळ क्रमांकासह उत्तर लगेच आले. ते त्याने स्वतः वाचले, दोन्ही वजनांचे आधी आकड्यांत रूपांतर केले आणि बेरीज ४० आली.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली खुले केलेले टाइपस्क्रिप्ट मोफत आहे आणि महाविद्यालयांतील साध्या संगणकांवरही चालते. मात्र ते नुसते बसवून भागत नाही. आजकाल मुले कोड ब्राउझरसाठी तयार करायला व्हीट (Vite) वापरतात. २०२० साली आलेले हे साधन वेगवान आहे, पण ते कोडमधील टाइप, म्हणजे आकडा की मजकूर अशा नोंदी, तपासत नाही, फक्त काढून टाकते. त्यामुळे बिल्ड, म्हणजे ब्राउझरसाठी फाइली तयार करण्याचे काम, पार पडले म्हणजे कोड बिनचूक, हा समज घेऊन मुले परीक्षेला बसतात. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर तपासणीसाठी वेगळा चालवावा लागतो, आणि मुद्दाम मनाई केल्याशिवाय तोदेखील चुका दाखवून झाल्यावर जावास्क्रिप्टची फाइल तयार करतोच. हे वर्गात कोणी सांगितले, तर शिकायला एक तास पुरेल.

पेनड्राइव्हचेही तसेच आहे. प्रकल्पासोबत पॅकेजांचे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे, संपूर्ण फोल्डर, म्हणजे हजारो बारीक फाइली, मुले एका संगणकावरून दुसऱ्यावर नेत असतात आणि त्यात प्रयोगशाळेचा अर्धा तास जातो. वास्तविक पॅकेजांची यादी आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल एवढेच सोबत न्यावे. एका कमांडमध्ये तीच पॅकेजेस तिथे पुन्हा बसवता येतात.

परंतु प्रात्यक्षिक वहीत कोडची छापील पाने चिकटवून गुण मिळत असतील, तर मुलांनी हे सारे शिकावे तरी कशासाठी? वहीतला कोड कधीच कंपाइल होत नाही आणि त्यातली चूक परीक्षकालाही दिसत नाही. म्हणून खान्देशातील महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यासमोर जाणीवपूर्वक चूक ठेवलेला प्रकल्प उघडून द्यावा, कंपायलरचा संदेश त्याला मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगायला लावावा आणि दुरुस्तीला वीस मिनिटे द्यावीत. वहीचे निम्मे गुण या वीस मिनिटांकडे वळवले, तरी पुढच्या वर्षीपासून मुले घरी कंपायलर उघडतील.

आपला,
एक वेब प्रोग्रामर, जळगाव