कॉपी म्हणण्याआधी लिहायला तरी शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं युनिव्हर्सिटीत एमएस्सीच्या मुलांना शिकवतेय आणि डेझर्टेशन म्हणजे शेवटचा प्रबंध जमा करायचे दिवस आले की दरवेळी तेच बघते, म्हणून आज हे पत्र. सिमिलॅरिटीचा रिपोर्ट येतो, म्हणजे मुलाचं लिखाण आधीच्या मजकुराशी किती टक्के जुळतं हे सॉफ्टवेअर सांगतं, आकडा जास्त दिसला की मुलाला बोलावतात, कॉपी केलीस म्हणून सुनावतात आणि पोरगं रडवेलं होऊन बाहेर येतं. अशा कितीतरी मुलांचं लिखाण मी ओळ न् ओळ वाचलंय. बहुतेकांनी चोरी केलेली नसते हो, दुसऱ्याचं म्हणणं इंग्रजीत आपल्या शब्दांत कसं मांडायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

एका मुलीचं उदाहरण सांगते. तिने एका रिसर्च पेपरमधलं वाक्य घेतलेलं, त्यातले चार शब्द बदललेले आणि वाक्याचा सांगाडा तसाच ठेवलेला. मूळ वाक्यात ‘सिग्निफिकंटली’ होतं, तिथे हिने डिक्शनरीत बघून ‘इम्पॉर्टंटली’ टाकलं. आता तो शब्द तिथे स्टॅटिस्टिक्सचा होता, नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडणं अवघड आहे असं लेखकाला म्हणायचं होतं, त्यामुळे शब्द बदलला आणि वाक्याचा अर्थच गेला. म्हणजे कॉपीचा शिक्काही बसला आणि माहितीही चुकली. दुसऱ्याच्या वाक्यात थोडे शब्द बदलून केलेल्या अशा लिखाणाला ‘पॅचरायटिंग’ म्हणतात, रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1990 च्या दशकात हा शब्द रूढ केला आणि त्यांचं म्हणणंच हे की नवशिक्या माणसाची ही शिकण्यातली एक पायरी असते, तिला सरळ गुन्हा ठरवू नका. मला हे शंभर टक्के पटतं.

मी तिला म्हटलं लॅपटॉप मिटव आणि या पेपरात काय आहे ते मला मराठीत सांग. दोन मिनिटांत इतकं स्वच्छ सांगितलं तिने! मग म्हटलं आता हेच, समोर काही न ठेवता, तुला येतं तसल्या साध्या इंग्रजीत लिही, नंतर पेपर उघड, आकडे ताडून बघ आणि कुणाचं म्हणणं आहे ते नावानिशी, वर्षासकट लिही. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा अर्धंमुर्धं जमलं, तिसऱ्यांदा जे लिहून आणलं ते तिचं स्वतःचं होतं. व्याकरणाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करायला मला एक मिनिटही लागलं नाही.

आपल्याकडे गैरसमज असा आहे की इंग्रजी बोलता आलं की सगळं आलं. जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यातला फरक 1979 मध्येच मांडला होता. कॅनडात नव्याने आलेल्या मुलांच्या बाबतीत त्यांना असं दिसलं की बोलण्याचं इंग्रजी साधारण 2 वर्षांत येतं पण अभ्यासाच्या इंग्रजीत बाकीच्या मुलांची बरोबरी करायला 5 ते 7 वर्षं लागतात. आणि आपण काय करतो, तर एक दिवसाचं वर्कशॉप, पीपीटी, शेवटी सर्टिफिकेट, झालं!

शब्दांच्या याद्या पाठ करायला देणारेही आहेत. यादी वाईट नाही, ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषेच्या अभ्यासक बाईंनी 2000 साली अभ्यासाच्या इंग्रजीतल्या 570 शब्दकुळांची (एक शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुळ) जी यादी काढली ती सगळ्या विषयांतल्या अभ्यासाच्या मजकुरातले साधारण 10 टक्के शब्द व्यापते, म्हणजे मेहनत वाया जात नाही. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि कुठला किती जोर लावून वापरायचा हे कळणं वेगळं. 20 जणांचा सर्व्हे करून मुलं बिनधास्त ‘प्रूव्ह्ज’ (सिद्ध होतं) लिहितात, तिथे ‘सजेस्ट्स’ (असं दिसतं) लिहायचं असतं कारण 20 जणांवरून काही सिद्ध होत नाही. हा इंग्रजीचा प्रश्नच नाही, हा पुरावा तोलण्याचा प्रश्न आहे आणि तो विषय शिकवणाऱ्यानेच शिकवायला हवा, इंग्रजीच्या सरांवर ढकलून कसं चालेल?

परिच्छेदाचंही तसंच. निबंधाची सवय म्हणून मुलं ‘प्राचीन काळापासून मानव’ इथून सुरुवात करतात आणि मुद्दा येतो पान संपताना, तर इंग्रजीतल्या अशा लिखाणात वाचणाऱ्याला मुद्दा बहुतेक पहिल्याच वाक्यात हवा असतो. हे एकदा दाखवलं की मुलांना पटकन कळतं, पण दाखवायला हवं ना! वाचण्याचंही कुणी सांगत नाही, मुलं 20 पानांचा पेपर पहिल्या ओळीपासून हायलायटर घेऊन रंगवत बसतात, आधी ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश आणि निष्कर्ष वाचून आपल्या कामाचा आहे का बघ, हे एवढं कळलं तरी कित्येक तास वाचतील. आता एआयकडून भाषा गुळगुळीत करून घ्यायची सोय झालीय, पण त्यात झीज होते ती नेमकी विचार करायच्या सवयीची, म्हणून तर हे शिकवणं आणखी गरजेचं झालंय.

मी यंदा माझ्या एका विषयात सुरू केलंय. दर दोन आठवड्यांनी एक पान लिहायचं, मी त्यावर शेरे लिहून परत देते, मार्क दुसऱ्या ड्राफ्टला. तपासायला रात्री जागावं लागतं हे खरं, पण पहिला आणि दुसरा ड्राफ्ट शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. अडचण अशी की हे तास कुठल्याच टाइमटेबलमध्ये नाहीत, त्यामुळे सहकाऱ्यांना तुम्हीही करा म्हणायला तोंड उघडत नाही. युनिव्हर्सिट्यांनी सॉफ्टवेअर जरूर घ्यावं पण त्यासोबत हे ड्राफ्ट तपासायचे तास आमच्या वर्कलोडमध्ये धरावेत आणि पहिल्या सेमिस्टरपासून धरावेत, डेझर्टेशनच्या आदल्या महिन्यात नको.

आपली,
एक प्राध्यापिका