कुंडीतल्या झाडाचा सल्ला पुण्याच्या हवेचा, झाड मात्र अंजनगावात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरात ठेवायच्या दुर्मिळ शोभेच्या झाडांवर पानभर मजकूर आला होता. फोटो एकदम भारी, आमच्या गल्लीत दोघी-तिघींनी कात्रणं काढून ठेवली. पण त्यात दिलेला सल्ला जसाच्या तसा पाळला तर आमच्याकडं ते झाड मे महिना काही पाहत नाही, म्हणून हे पत्र. "रोज दोनदा पानांवर पाणी फवारा, खिडकीजवळ ठेवा, आठवड्यातून एकदा पाणी द्या" हे पुण्या-मुंबईला ठीक असेल, मुंबईला तर हवेतच ओल असते. आमच्या अंजनगावात उन्हाळ्याच्या दुपारी पारा 44-45 वर आणि ह्युमिडिटी, म्हणजे हवेतली ओल, 15 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, तिथं फवारलेलं पाणी पानावर दोन मिनिटं टिकत नाही आणि बोअरचं पाणी असेल तर मागं पांढरे डाग तेवढे राहतात. मखमली पानावरचे ते डाग पुसायला गेलं की पानाची मखमल खराब होते.

माझ्याकडं अँथुरियम क्लॅरिनर्व्हियम आहे. बदामाच्या आकाराचं जाड, गर्द हिरवं पान आणि त्यावर पांढऱ्या शिरांचं जाळं. सासूबाई पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "काहून वं, धोप्याच्या पानाले इतके पैसे?" आणि त्यात खोटं काही नाही, धोपा म्हणजे अळू, सुरण आणि हे अँथुरियम सगळे एकाच कुळातले, म्हणून तर याचं पानही कच्चं चावलं की तोंडाची आग होते, घरात रांगतं लेकरू किंवा अंगणातून आत घुसणारी शेळी असेल तर झाड उंचावर ठेवा, हे तुमच्या लेखात कुठंच नव्हतं.

लेखात फोटो होता क्वीन अँथुरियमचा. दिसायला राणीच, हातभर लांब लोंबणारी पानं, पण ते कोलंबियाच्या ओल्या जंगलातलं, त्याला बारा महिने 70-80 टक्के ह्युमिडिटी लागते. ते आपल्या खेड्यातल्या घरात उघड्यावर ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. क्लॅरिनर्व्हियम मेक्सिकोच्या चियापास भागातलं, चुनखडीच्या खडकांवर वाढणारं, पान जाड असल्यानं कोरडी हवा त्यातल्या त्यात सहन करतं. विदर्भात कोणाला हौस करायचीच असेल तर मी हेच सांगीन.

आता कूलरचं. तुमच्या लेखात एसीच्या खोलीत ठेवा म्हटलंय, एसी तर हवा अजून कोरडी करतो! आमच्याकडं घरोघरी खिडकीला कूलर, त्याची हवा ओली, मी ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ह्युमिडिटी मीटर लावून पाहिलं तर बाहेर 15 असताना कूलरच्या खोलीत 60च्या वर जाते. म्हणजे ज्या झाडासाठी शहरातले लोक ह्युमिडिफायर घेतात त्याची सोय आपल्याकडं एप्रिल ते जून आपोआप होते. फक्त कुंडी कूलरच्या झोताच्या तोंडासमोर नको, समोरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडाला टाकू नका, आमच्याकडं सगळेच टाकतात. पाणी उडून जाते, क्षार टाकीतच राहतात, कूलरच्या खशीवर जो पांढरा थर जमतो ना तेच मग कुंडीत साचते आणि पानाची टोकं करपतात. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही तसंच, त्यात तर क्षार गोळा होऊनच येतात. तालुक्याच्या खालच्या अंगाला दर्यापूरकडं खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, तिथल्या लोकांना पाण्याचं वेगळं काय सांगायचं. पहिला पाऊस छपरावरून वाहून जाऊ द्यायचा, नंतरचं पाणी पिंपात भरून झाकून ठेवायचं, दोन-चार कुंड्यांना लागतं किती.

मातीचं तर काही लिहिलंच नव्हतं, "चांगली माती घ्या" एवढंच. आमच्याकडं चांगली माती म्हणजे कपाशीची काळी, ती ओली झाली की फुगते, हवा कोंडते, आणि या झाडाच्या जाड मुळ्या आठ दिवसांत सडतात. संत्र्याच्या बुडाशी पाणी साचलं की डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो हे इथल्या पोरालाही माहीत आहे, तोच हिशेब कुंडीत लावायचा. मी नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, लाकडी कोळसा, फुटलेल्या विटांचे खडे आणि मूठभर गांडूळखत घेते. शेंड्या आधी दोन-तीनदा धुऊन, त्यातही मीठ असते. बोट आत घालून पाहायचं, वरचा थर कोरडा लागला की पाणी, वार बघून नाही. थंडीत तर फारच कमी, इथं रात्री 10च्या खाली उतरतात, झाड तेव्हा वाढतच नाही, त्याला खिडकीपासून आत घ्यावं. माझं दिवाळी ते होळी काचेच्या जुन्या शोकेसमध्ये असते, वर साधी पांढरी एलईडी पट्टी दहा-बारा तास, पोराच्या ट्रॉफ्या खालच्या कप्प्यात गेल्या त्याला इलाज नाही.

सगळ्यात जास्त सांगायचं ते हे की हे ज्ञान आपल्याला बाहेरून आणायची गरजच नाही. अंजनगावचे पानमळे बघा. नागवेल ही मूळची आग्नेय आशियातली, ओल्या सावलीची वेल, आणि आमच्याकडच्या बारी समाजाच्या लोकांनी ती या भट्टीसारख्या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या जगवली. वर शेवरी-पांगऱ्याची सावली, चारही बाजूंनी ताट्या बांधून गरम वारा अडवलेला, पाणी थोडं थोडं पण वारंवार आणि बुडाशी साचू न देता. उन्हाळ्यात मळ्यात पाय ठेवला की बाहेरची आणि आतली हवा यातला फरक अंगालाच कळतो. मेक्सिकोचं अँथुरियम यापेक्षा वेगळं काय मागते? तसंच टिश्यू कल्चरचं. ही महागडी रोपं आता बरीचशी लॅबमधून येतात, बाटलीतल्या पूर्ण ओल्या हवेत वाढलेली, त्यांची पानं पाणी धरून ठेवायला शिकलेली नसतात, एकदम बाहेर काढली की लोळतात. केळीवाल्याला विचारा, तो सांगेल आधी हार्डनिंग लागते, म्हणजे रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावणं. कुंडीवर पारदर्शक पन्नी घालायची, दर चार-सहा दिवसांनी एक-एक भोक वाढवत जायचं, झालं.

अजून एक आणि हे जरा रागानं लिहिते. कोरड्या हवेत या झाडांवर लाल कोळी येतो, फुलकिडे येतात, पिठ्या ढेकूण येतो, सगळे कपाशीवाल्यांच्या ओळखीचे. म्हणून लोक काय करतात, शेतातली फवारणीची बाटली घरात आणतात आणि झोपायच्या खोलीतल्या झाडावर मारतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, बंद खोलीत काय होईल? पानाची खालची बाजू मोरीत नेऊन पाण्याच्या धारेखाली धुवा, पिठ्या असेल तर साबणाच्या पाण्याचा बोळा हलकेच टिपा, निंबोळी तेल संध्याकाळी थोडं, आधी एका पानावर मारून बघून. तुमच्या लेखात "योग्य कीटकनाशक वापरा" एवढंच होतं. योग्य म्हणजे कोणतं, हे खेड्यात दुकानदार ठरवतो साहेब.

तर विनंती एवढीच की विदर्भ आवृत्तीत असा मजकूर छापताना इथल्या हवेचा एक वेगळा चौकोन टाका, आणि लिहायला नर्सरीवाल्यासोबत एखादा पानमळेवालाही घ्या. त्याला भेटायला सकाळीच यावं लागेल, दुपारी तो मळ्यातून बाहेर निघत नाही.

आपली नियमित वाचक,
ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

ता. क. कुरिअरनं झाड मागवायचंच असेल तर पोळा ते दिवाळी या दिवसांत मागवा. एप्रिल-मेमध्ये बंद खोक्यातलं रोप गाडीतच उकडून येते, आणि विकणारा म्हणतो आम्ही हिरवंच पाठवलं होतं.