खिडक्यांसाठी ठेव मोडू नका, बाबा

ती. आई, ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेलं खिडक्यांचं कोटेशन नीट वाचलं. तीन खिडक्या, दुहेरी काच, १,४०,००० रुपये. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं पाच लाखांचं खातं बंद करायचं तुमच्या मनात आहे. कृपा करून अजून ॲडव्हान्स देऊ नका. रक्कम मोठी आहे एवढंच कारण नाही. ज्या आवाजाने तुमची झोप मोडते, तो मुळात खिडकीतून येतच नाही.

आईने सांगितलेले आवाज तीन आहेत: रात्री साडेअकराला वर खुर्च्या ओढल्याचा, पहाटे साडेपाचला वरच्याच मिक्सरचा आणि शेजारच्या टीव्हीचा. पहिले दोन थेट स्लॅबमधून उतरतात. खुर्चीचा पाय फरशीवर घासतो तेव्हा तो अडकत-सुटत सरकतो, त्या थरथरीने काँक्रीटच हलतं आणि तुमचं छत ढोलाच्या कातड्यासारखं वाजतं. हवेतून आलेला आवाज काच अडवते. काँक्रीटमधून आलेल्या आवाजाला खिडकीशी काही देणंघेणं नसतं. खात्री करायची तर आज रात्रीच करा. वर खुर्च्या सुरू झाल्या की बेडरूमची खिडकी पूर्ण उघडा, मग घट्ट लावा. आवाजात फरक पडला नाही, तर दीड लाखाच्या काचेनेही पडणार नाही. टीव्ही चालू असताना मधल्या भिंतीला तळहात लावून बघा. भिंत हाताला थरथरती लागली, तर टीव्ही किंवा त्याचा स्पीकर त्या भिंतीलाच ठोकलेला असणार.

आता पैशाचं. तुमच्या खात्याला दोन वर्षं होऊन गेली आहेत, म्हणजे मुदतीआधी बंद केलं तर १ टक्का कापतील, पाच लाखांवर ५,००० रुपये. उरलेले पैसे परत गुंतवले तरी १,४०,००० वरचं ८.२ टक्के व्याज कायमचं गेलं. वर्षाला ११,४८०, महिन्याला साडेनऊशेच्या वर. दर महिन्याचा गॅस सिलिंडर त्या व्याजातून येतो असं समजा. शिवाय दुहेरी काचेचा उपयोग खिडकी बंद असली तरच. मे महिन्यात नाशिकला बंद खिडकीत झोपायचं म्हणजे एसी आला. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्री आठ तास चालला तर साधारण ८ युनिट, महिन्याला २४०. तुमचं बिल आज ९० युनिटांच्या आसपास, म्हणजे महावितरणच्या सगळ्यात स्वस्त टप्प्यात असतं. ते ३३० होईल. १०० च्या पुढची २०० युनिटं १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात आणि ३० युनिटं त्याच्याही वरच्या टप्प्यात. हा खर्च कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेला नाही, पण दर उन्हाळ्यात तो तुम्हालाच भरायचा आहे.

म्हणून आधी खुर्च्या. असा आवाज जिथे तयार होतो तिथेच थांबवायला लागतो, म्हणजे वरच्यांच्या घरात. आई, हे काम तुझ्याकडे. वरच्या वहिनींना बाबांनी जाऊन सांगितलं तर ती तक्रार होते. तू सांगितलंस तर बोलणं होतं. "तुम्ही फार आवाज करता" या वाक्याने सुरुवात करू नकोस, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. वर खुर्चीची नुसती खरखर ऐकू येते, खाली मात्र धडधड होते. त्यांना संध्याकाळी चहाला बोलाव, बेडरूममध्ये बसव आणि त्यांच्या घरातल्या कुणालातरी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढायला सांग. एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की समजावत बसायची गरज पडत नाही. लगेच पिशवीतून सामान काढून द्यायचं: लोखंडी पाइपच्या खुर्च्यांना रबरी बूच, लाकडी खुर्च्यांना नमद्याच्या चकत्या. हार्डवेअरच्या दुकानात त्यांना फेल्ट पॅड म्हणतात. त्या त्यांनी विकत आणायची वाट बघू नका. चोवीस बुचांचे अडीचशे रुपये आपण घालू आणि प्रश्न त्याच आठवड्यात सुटेल.

माप मात्र नीट घ्यायचं. पाइपचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि बूच आतून तेवढंच किंवा एक मिलिमीटर लहान घ्यायचं. सैल बूच चार दिवसांत निघतं आणि उघडा लोखंडी पाय पुन्हा फरशीवर येतो. नुसतं कडक रबर टाइलवर किंचाळतं आणि काळे डागही पाडतं, म्हणून तळाशी नमदा चिकटवलेलं बूच मिळालं तर तेच घ्या. चिकटवायच्या चकत्यांचा शत्रू म्हणजे रोजची ओली फरशी. पाय कोरड्या फडक्याने, मग थोड्या स्पिरिटने पुसायचा, चकती दाबून लावायची आणि खुर्ची रात्रभर उलटी ठेवायची. एवढं केलं तरी दोन-तीन महिन्यांनी कडा सुटतात, त्यामुळे एक जादा पाकीट त्यांच्याकडे ठेवून ये. सोसायटीतली मुलं टाकून देतात ते जुने टेनिसचे चेंडू फुलीसारखी चीर देऊन पायात घातले, तर ते या सगळ्यापेक्षा जास्त टिकतात. दिसायला बरे नाहीत, पण लहान मूल असलेल्या घरात चालून जातात.

मिक्सरची गोष्ट थोडी वेगळी. ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीत घुसवलेला असतो, त्यामुळे मिक्सरची थरथर ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून खाली उतरते. मिक्सरखाली १०-१२ मिलिमीटर जाडीचा रबरी तुकडा ठेवायचा आणि मिक्सर भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढायचा. जुनी योगा मॅट दुमडूनही चालते. टॉवेलची घडी मात्र कधीच नको. मिक्सरच्या पोटाखाली हवा जायला भोकं असतात, मऊ कापडात ती बुजतात, मोटर तापते आणि खालचं ओव्हरलोडचं बटण उडतं. मग "तुमच्या सांगण्याने मिक्सर बिघडला" हे ऐकायची पाळी येईल. तुकडा पायांखाली येईल एवढाच कापायचा आणि मधे मोकळं ठेवायचं. मिक्सरचे स्वतःचे रबरी पाय दगडासारखे झाले असतील तर दुरुस्तीवाल्याकडे नवे मिळतात. वहिनींना सकाळची पाळी आहे, डबा करावाच लागतो. त्यामुळे वेळ बदला असं म्हणू नकोस. चटणीचं वाटण रात्री दहाच्या आत करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, एवढंच सुचव.

टीव्हीची भिंत साडेचार इंची आहे. भिंतीचं वजन दुप्पट झालं तर आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावा लागतो. यावरून कळेल की पातळ फोमच्या चौकोनी तुकड्यांनी किंवा अंड्यांच्या ट्रेने काही होत नाही. त्यांना वजनच नसतं. खोलीतला घुमारा ते कमी करतात, पलीकडचा टीव्ही अडवत नाहीत आणि आग मात्र पटकन धरतात. फॉल्स सीलिंगवालाही येऊन जाईल. लोखंडी पट्ट्यांनी स्लॅबलाच घट्ट टांगलेलं सीलिंग वरची थरथर जशीच्या तशी खाली आणतं, आणि उरलेला आवाज भिंती-खांबांमधून फिरून येतो. त्यालाही नकोच म्हणा.

फुकटात होण्यासारखं हे आहे: पलंगाची उशाकडची बाजू त्या भिंतीवरून काढून समोरच्या भिंतीकडे न्या. गोदरेजचं कपाट त्या भिंतीशी आणा, भरलेलंच, पण भिंतीला टेकवू नका. दोन इंच जागा सोडून मधे जुन्या गोधड्या उभ्या भरा. कपाट बाबांनी एकट्याने हलवायचं नाही, वॉचमनला आणि त्याच्या जोडीदाराला शंभर-शंभर द्या. शेजारच्या काकांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्ही मोठा असतो. त्यांच्या मुलाला सांगून सेटिंगमध्ये बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, कमी करायला लावा. भिंतीतून पार होतो तो मुख्यतः बेसच, आणि संवाद समजायला तो लागत नाही. काकांना पूर्वीपेक्षा स्पष्टच ऐकू येईल.

लिफ्टचा, जिन्यातला आणि रस्त्याचा आवाज मात्र फटींतून येतो, आणि तिथे थोडक्या पैशात खरा फरक पडतो. मुख्य दाराखाली अर्धा इंच फट आहे. स्क्रूने बसणारी रबरी किंवा ब्रशची पट्टी अडीचशेच्या आत येते. दाराची रुंदी ३६ इंच आहे, पट्टी तेवढी कापून आतल्या बाजूने लावायची आणि फरशीला जेमतेम टेकेल अशी ठेवायची. फार दाबली तर दार जड होतं आणि ब्रश महिन्यात झिजतो. वाळू भरलेली कापडी नळी फुकट होते, पण रात्री उठताना तीत पाय अडकेल. तुमच्या घरात ती नको.

खिडक्यांच्या सरकत्या पल्ल्यांच्या खाचेत केसाळ पट्टी असते, दुकानात तिला वूल पाईल म्हणतात. दहा-बारा वर्षांत ती झिजून दोरीसारखी झाली आहे, पल्ले खडखडतात ते म्हणूनच. पल्ला वर उचलून बाहेर काढायचा, जुनी पट्टी ओढून काढायची आणि त्याच मापाची नवी सरकवायची. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा कोणताही कारागीर तासाभरात हे करतो. तिन्ही खिडक्यांचं सामान चारशेच्या आसपास, मजुरी वेगळी ठरवा. चौकटीभोवतीची चीर सिलिकॉनने भरायला हरकत नाही, पण खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात ती बुजू देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येईल.

आणि हे दोघांनी लक्षात ठेवायचं: स्वयंपाकघराच्या दाराखाली पट्टी लावायची नाही, बाथरूमचा झरोका बंद करायचा नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, हवा अडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. आवाज सहन करता येतो, हे नाही.

कानात घालायचे फोमचे प्लग मी दहा जोड्या पाठवते आहे. बोटांत घट्ट वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर काहीच उपयोग होत नाही, आणि बहुतेक लोक तसंच करतात. दोघांनी एकाच रात्री घालू नका, एकाला बेल आणि फोन ऐकू यायला हवा. कान दुखत किंवा वाहत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. टेबलफॅन पायथ्याशी भिंतीकडे तोंड करून लावला तरी त्याच्या एकसुरी आवाजात बारीकसारीक आवाज बुडतात. रात्रभर चालून अर्धं युनिटही होत नाही.

समोरच्या हॉलचा डीजे हे वेगळं प्रकरण आहे, तिथे गोड बोलण्यात वेळ घालवू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. दहानंतर सरळ ११२ लावायचा. हॉलचं नाव, रस्ता आणि सुरू असलेला प्रकार सांगायचा. नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट म्हणा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना सांगितलं आहे की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख तपासत बसू नये आणि आरोपीला ती कळू देऊ नये. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप पुरावा म्हणून धरू नका, ते बरंच चुकतं. काल आणि आज यांची तुलना करण्यापुरतं वापरा. वरच्यांवर मात्र पोलीस नकोत. लहान मूल धावतं, रडतं, हा गुन्हा नाही, आणि तीच माणसं रात्री-अपरात्री बाबांना दवाखान्यात न्यायला धावून येणार आहेत.

बाबा, एक वही करा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कसला आवाज, कुठल्या खोलीत. दहा दिवस लिहा. बूच लावल्यावर आणखी दहा दिवस. सोसायटीला अर्ज द्यायची वेळ आलीच तर हेच कामाला येईल. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर सेक्रेटरींची सही-तारखेसह पोच घ्या. वकिलाची नोटीस वगैरे नको, तिच्या फीत या पत्रातलं सगळं सामान दोनदा येईल.

सगळं मिळून मजुरी सोडता सोळाशे-सतराशे रुपये होतात. ते मी पाठवते, घरखर्चातून काढू नका. तुमची झोप ही चैन नव्हे, तिच्यासाठी पैसे लागणारच. फक्त ते योग्य जागी लागावेत.

शनिवारी मी येते आहे. त्याआधी बेडरूमच्या खिडकीतल्या जुन्या पट्टीचा दोन इंचांचा तुकडा कापून पाकिटात ठेवा, आणि आई, वरच्यांच्या खुर्च्या किती आणि पाय लोखंडी की लाकडी एवढं बघून ये. येताना बूच त्याच हिशेबाने आणते.

तुमची,
मनू